मोठ्या जावयाचा पाय

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो भिवापूरच्या शाळेतल्या आमच्या विज्ञानाच्या सरांचा. घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. निकालानंतर सर शेतावर आले तेव्हा वडील मिरचीची रोपं लावत होते. सरही पँट दुमडून वाफ्यात उतरले, संध्याकाळपर्यंत रोपं लावत राहिले, आणि मला कॉलेजात पाठवायचा होकार घेऊनच गेले. त्यामुळे मी पदवीधर झालो, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला लागलो आणि नागपूरच्या एका जुन्या, नोकरदार घराण्याचा धाकटा जावई झालो.

मोठा जावई, म्हणजे माझा साडू, त्या घरात फार मानाचा. जेवताना पहिलं ताट त्याचं, शेवटचा शब्दही त्याचा. त्याने आपली दहा वर्षं जुनी गाडी मला विकली. ब्रेक एकदम टकाटक आहेत, असं चावी देताना सांगितलं होतं.

पंधराव्या दिवशी वर्धा रोडच्या सिग्नलवर मी ब्रेक दाबला आणि पेडल सरळ खाली गेलं. मागच्या सीटवर बायको आणि चार वर्षांची मुलगी होती. समोर स्कूटरवर एक बाई. मी घाबरून पुन्हा दाबला, तेव्हा गाडी त्या स्कूटरपासून वीतभर अंतरावर थांबली.

पुढे सासुरवाडीला एक बारसं होतं. तिथे मी हा विषय काढला. साडू पान चघळत सगळ्यांसमोर म्हणाला, “यांच्या गावी बैलगाडी होती ना. बैल आपल्या मनानं थांबतो. गाडी थांबवायला डोकं लागते.”

सगळे हसले. सासरेही हसले. मी ते सहन केलं असतं. पण परतताना बायको म्हणाली की ती मुलीला घेऊन ऑटोने येईल. त्यानंतर ती माझ्या गाडीत बसलीच नाही. मी सांगत होतो की दोष गाडीचा होता आणि साडूला तो माहीत होता. ती ऐकून घ्यायची आणि मुलीची चप्पल शोधायला लागायची. तिचा माझ्यावरचा विश्वास त्या माणसाने एका वाक्यात काढून नेला होता. तो विश्वास मला परत हवा होता, आणि त्याचबरोबर साडूची मान खाली झालेली बघायची होती. हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

शाळेत सरांनी आम्हाला दवाखान्यातली एक सिरिंज आणून दाखवली होती. पाणी भरून तोंड बोटाने बंद केलं की दट्ट्या हलत नाही. हवा भरली की सहज आत जातो. ब्रेकच्या नळीतही तेच. तेलात हवा शिरली की पायाचा जोर हवा दाबण्यातच संपतो, चाकापर्यंत पोचत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचं हवा सोडायचं निप्पल पान्याने उघडून हवा आणि तेल बाटलीत सोडायचं, निप्पल बंद करायचं, मगच आतल्याने पाय उचलायचा.

मी जरीपटक्याच्या बाजारातून ब्रेक ऑइल आणि पारदर्शक नळी आणली. मग साडूला फोन केला. म्हटलं, भाऊ, तुमच्या पायाइतका अंदाज कोणाच्याच पायाला नाही, रविवारी येऊन पेडल दाबाल का. तो खूश झाला. पांढरी पँट घालून आला.

मे महिना होता. समोरच्या कडुलिंबाखाली जागा रिकामी होती, तरी मी गाडी मुद्दाम उन्हात लावली होती. अकरा वाजता तो आत बसला. मी खालून म्हणायचो, दाबा. तो म्हणायचा, दाबलं. धरून ठेवा, म्हणायचो, आणि पाना सावकाश फिरवायचो. त्या घरात ज्याच्या शब्दावर माणसं उठबस करायची, तो माझ्या शब्दावर पाय खालीवर करत होता. मागच्या डाव्या चाकातून चहासारखं काळं तेल आलं, मग बुडबुडेच बुडबुडे. चारही चाकं झाली. शेवटच्यातून स्वच्छ तेल यायला लागलं होतं, तरी मी ते आणखी सहा वेळा करायला लावलं. तो घामाने निथळत होता. मला फार बरं वाटत होतं.

मी दाबून बघितलं. पेडल पहिल्याच दाबाला दगडासारखं घट्ट. पण मी घट्ट म्हणून काय उपयोग, ते बायकोला पटायला हवं होतं. तेवढ्यात साडूच तिला म्हणाला, चला, गाडी कशी चालवतात ते दाखवतो. त्याच्यासोबत बसायला ती तयार झाली. मुलीला शेजारी घेऊन ती मागे बसली, मी पुढे.

पहिल्या वळणावर त्याने ब्रेक दाबला, सोडला, लगेच पुन्हा दाबला. गाडीने दोन हिसके दिले. सिग्नलवर तेच. गतिरोधकावर तेच. मी त्याच्या पायाकडे बघत राहिलो.

बायकोने मागून विचारलं, “भाऊजी, दोनदा काहून दाबून राहिले?”

“सवय आहे,” तो म्हणाला. “या गाडीत पहिला दाब कधीकधी फुकट जाते.”

 आपण काय बोलून बसलो ते त्याला पुढच्या चौकात कळलं असावं. त्याचे कान लाल झाले.

“म्हणजे तुमच्याकडे होती तेव्हापासून?” तिने विचारलं. “आणि माझी लेक बसवली तुम्ही हिच्यात?”

तो गाडी घराकडे वळवू लागला. मी म्हटलं, “डावीकडे घ्या, भाऊ. सासऱ्यांकडे जाऊ.”

तिथे मला बोलावंच लागलं नाही. बायकोने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सासऱ्यांनी त्याला बसा म्हटलं नाही. परतताना मी गाडी चालवली; बायको मुलीला घेऊन बसली होती. तो ऑटोने गेला.

त्या आठवड्यात मी सरांना पत्र पाठवलं.

आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार.
गाडीची सगळी हकीकत तुम्हाला फोनवर सांगितली तेव्हा तुम्ही हसलात, आणि मग विचारलंत की त्या माणसाशी आता बोलतोस का. मी उत्तर टाळलं. नाही बोलत. तुम्हाला खोटं सांगवत नाही म्हणून लिहितो. त्याने माफी मागितली, मी ऐकून घेतली, पण माफ केलं नाही. ब्रेक जातात हे माहीत असून त्याने माझ्या लेकराला त्या गाडीत बसू दिलं. तुम्ही रागवाल, तरी चालेल.
दुसरं म्हणजे, डोळे तपासायला नागपूरला येणार आहात. एसटीने येऊ नका. आम्ही तिघं तुम्हाला घ्यायला येतो. दिवस कळवा.
तुमचा विद्यार्थी