तांदळाच्या डब्यातला पासपोर्ट

मंडळी, अजून अंगावरचं पीठपण झटकलं नाही, तरी लिहिते.

माझी नात जेनी आज रात्री चर्चच्या मुलांबरोबर श्रीलंकेला चाललीय, गरिबांची घरं बांधायला. विटा उचलणार माझी पोर! आठवडाभर सगळ्या गावाला सांगत फिरतेय मी.

दुपारी बॅग भरताना ती ओरडली, "आजी, पासपोर्ट कुठाय?"

सुखरूप राहावा म्हणून मीच तो तांदळाच्या डब्यात खुपसला होता. माझ्या पाटल्यापण आधी तिथेच असायच्या. बघते तर डबाच नाही!

सून म्हणाली, "मम्मी, डबा गिरणीत दिलाय, भाकरीच्या पिठाला."

सायबिणी, मरीया माते! तशीच अनवाणी धावले. गिरणी घरघरत होती. लांबूनच बोंबलले, "अरे बंद कर! पोरीचं विमान दळशील!"

गिरणीवाल्याने हसत खिशातून पासपोर्ट काढला. "आजी, मागे तुमची पाटली निघाली ना, तेव्हापासून तुमचा डबा चाचपूनच ओततो."

मी तिथेच पिठात फतकल मारून रडले. मागोमाग धावत आलेली जेनी पासपोर्ट पुसत म्हणाली, "आजी, आता तरी कपाटात ठेव गं."

पण मला आपलं वाटतं, माझ्याकडे लपवायला डबा तरी आहे. ज्यांना घरच नाही, त्या बाया आपलं जपायचं ते कुठे ठेवत असतील हो?