पुलावरची कळशी

"नदीला शिवल्याबिगर पलीकडं जाऊ न्हाय," रुद्रम्मा जन्मभर म्हणत आली.

माकणीला, तेरणेच्या काठी ती वाढली. नदी ओलांडताना चपला हातात घ्यायच्या, पाणी डोळ्यांना लावायचं आणि मगच पाय टाकायचा, ही तिच्या आईची रीत. लग्न होऊन धाराशिवला आली तरी तिनं ती सोडली नाही. शहरातली भोगावती आता नावापुरतीच वाहते, पण दगडांवरून जाताना रुद्रम्मा वाकायचीच. गल्लीतल्या बाया हसायच्या. ती म्हणायची, "नदी आजारी हाय म्हणून तिला वळख द्यायची न्हाय व्हय?"

पलीकडं सुमनबाईचं घर. दोघींची मैत्री पोरं मांडीवर होती तेव्हापासूनची. सुमनबाईची नात दीक्षा तर रुद्रम्माच्या कडक भाकरीवरच वाढली.

मग रुद्रम्माचा गुडघा गेला, दगडांची वाट सुटली. त्याच सुमारास नदीवर पायी जायचा नवा पूल झाला, लोखंडी कठड्याचा, निळ्या दिव्यांचा. सगळी गल्ली संध्याकाळी तिथं फिरायला जाऊ लागली. रुद्रम्मा मात्र पुलाच्या तोंडाशी उभी राहून माघारी यायची. एवढ्या उंचावरून पाण्याला हात कसा पोचणार?

दीक्षाच्या हळदीच्या सकाळी सुमनबाई स्वतः आली.

"अक्का, चला. पोरगी म्हणती, पहिली हळद रुद्राआजीच लावणार."

"हिकडंच आण तिला."

"नवरी काय दारोदार फिरवू? पूल खातो व्हय तुमाला?"

"पुलाचं न्हाय गं. नदीला न शिवता शुभकामाला कशी येऊ? उद्या पोरीला काय झालं, तर माझ्याच जिवाला लागंल."

"आमी असलं पाळत न्हाय. पर तुमी पाळता," सुमनबाई म्हणाली. तिनं मोरीतली कळशी उचलली आणि अंगणातली कपडे वाळवायची दोरी सोडली.

पाण्याची धार पुलाच्या मधोमधच होती; तिथवर रुद्रम्माला हाताला धरून नेऊन तिनं कळशी खाली सोडली. दोरी कमी पडली. तेव्हा रुद्रम्मानं काखेतली पिशवी उघडली. आत दीक्षासाठी आणून ठेवलेलं नवं कोरं पातळ होतं.

"आहेर भिजंल की, अक्का."

"वरच्या टोकाला बांध. येडी कुठली."

कळशीत ओंजळभर पाणी आलं. रुद्रम्मानं ते डोळ्यांना लावलं, वाकून चपला काढल्या आणि हातात घेतल्या.

"फरशी तापलीया. घाला की पायात."

"खाली नदी हाय."

गुडघा सांभाळत, कठड्याला धरून ती हळदीच्या घराकडं निघाली. खांद्यावर पातळ आणि हातात ओली दोरी घेऊन सुमनबाई तिच्याकडं बघत उभी राहिली.