शिव्या देत चालायचं

निकमबाई मला पहिल्या दिवसापासून आवडल्या नाहीत आणि आजही आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी मला पिंपरीतल्या एका दवाखान्यात, व्यायामासाठी निकमबाईंकडे धाडलं. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा, चाकणच्या कंपनीत प्रेस मशीनवर वीस वर्षं काढलेला माणूस. बाई माझ्याहून लहान. कागद बघून म्हणाल्या, "बीडचा व्हय रं तू? बूट कुठायत? चपला घालून हृदय सुधरत न्हाई."

त्या मूळच्या निघोज्याच्या. शिकून फिजिओथेरपिस्ट झाल्या, पण जीभ गावचीच राहिली, आणि तिखट. मी सांगितलं, दिवसभर मशीनपुढे उभा असतो, घाम गाळतो, मला कसला व्यायाम? त्या म्हणाल्या, "खांब बी दिवसभर उभा असतो." रांगेतले सगळे पेशंट हसले. त्या हसण्याचा राग अजून गेलेला नाही.

कंपनीनं तोवर मला स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवलं होतं. तीन महिन्यांत बाईंच्या सहीचा कागद आणला तर मशीन माझी, नाहीतर कायमची दुसऱ्याची. वीस वर्षांच्या कारागिरानं पुठ्ठ्याची खोकी रचत बसायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. त्या सहीसाठीच मी बाईंच्या लांबलचक व्हरांड्यात फेऱ्या मारायचो.

एके दिवशी शेजारून चालत त्या म्हणाल्या, "मनात शिव्या देतोयस न्हवं? तोंडानं दे. आख्खं वाक्य निघालं की चाल ढिली. दोन-चार शब्दांनी दम घ्यावा लागला की बरोबर. शब्दच निघंना, न्हाईतर छातीत दुखलं, तर थांबायचं."

मी संधी सोडतो की काय! "बाई, तुमच्यासारखी खडूस बाई मी बीडपासून चाकणपर्यंत कुठं पाहिली नाही!"

"लई लांब झालं वाक्य. पाय उचल."

घरी रोज चालायचं आणि मेहुण्यानं दिलेला पावलं मोजणारा पट्टा मनगटावर बांधायचा, असा त्यांचा हुकूम होता. मी वेगळी शक्कल काढली. आमच्या लाइनवर बोल्ट पुढे सरकवणारा एक थरथरता ट्रे आहे. मुश्ताक नावाच्या मित्रानं पट्टा त्या ट्रेला बांधला. ट्रे शिफ्टभर थरथरायचा, मी खुर्चीवर चहा प्यायचो आणि आकडा वाढत जायचा.

मुदतीच्या आदल्या दिवशी बाईंनी आकडे पाहिले आणि मला जिना चढायला लावला. दुसऱ्या मजल्यावर मी कठड्याला धरून उभा राहिलो. त्यांनी पट्टा काढून हुंगला.

"ह्याला वंगण कसलं लागलंय?"

सांगावं लागलं. त्या हसल्या नाहीत. "त्या ट्रेचं हृदय लई भारी झालं असंल. तुझं काय?" मग प्रथमच त्यांचा आवाज चढला. "झटक्यात मेलेल्या पेशी परत येत न्हाईत रं. उरलेल्यांनी त्यांचं काम ओढायचंय. रोज चाललास तर त्या दणकट होत्यात, त्यांना आवळायला जोर येतो, पुन्हा सैल पडायला बी जमतं. सैलच पडल्या न्हाईत, तर रक्त भरणार कुठं?"

सही केली नाही. मी हात जोडले, पोरीच्या लग्नाचं सांगितलं. नाही म्हणजे नाही. मशीन गेली. त्या दिवशी माणूस म्हणून त्यांच्याविषयी जे वाटलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग मी निव्वळ ईर्ष्येनं चालू लागलो. या बाईचं तोंड बंद करायचं, एवढंच डोक्यात. चार महिने आमच्या दापोडीच्या गल्ल्यांतून रोज पहाटे चाललो आणि एक दिवस त्यांच्यासमोर जाऊन तोच जिना न थांबता चढलो. त्यांनी नाडी पाहिली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मुकाट्यानं सही केली.

"आता काय करू ह्या कागदाचं?" मी विचारलं. "मशीन गेली की!"

"मशीन गेली. तू ऱ्हायलास न्हवं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला त्याचे बूट कुठं आहेत ते विचारू लागल्या.

गेल्या वर्षी त्या दवाखाना सोडून गेल्या. निरोपाला बोलावणं होतं, मी गेलो नाही. आभार मानायला जीभ वळली नसती. अजूनही स्टोअरमध्येच बसतो, आणि त्याबद्दल रोज पहाटे चालताना बाईंना पहिली शिवी हासडतो. ती अख्खी निघाली की पाय उचलतो.