टाका माझ्या अंगावर

डोक्यावरची टोपी काढायची, ती गुडघ्यावर एकदा आपटायची आणि म्हणायचं, "टाका माझ्या अंगावर." एवढं झालं की आमच्या पंचायत समितीतलं अडलेलं काम सुटलं म्हणून समजायचं. सरकारी कचेरीत काम टाळणारी माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील. दुसऱ्याचं काम मागून घेणारा माणूस मी उभ्या नोकरीत एकच पाहिला. तो आमच्या जीपचा ड्रायव्हर.

सगळे त्यांना मेजर म्हणत. पलटणीत ते नाईक होते, म्हणजे मेजरपासून चांगलेच खाली. पण आमच्या सातारा-सांगलीकडे पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला प्रत्येक गडी मेजरच असतो. गाव त्यांचं साताऱ्यातल्या खंडाळ्याकडचं. नोकरी मात्र लागली सांगलीच्या पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यात, जिथं बाभळी आणि मेंढरं सोडली तर नजरेला काही लागत नाही. मीही तिथं नुकताच कारकून म्हणून चिकटलो होतो. दोघेही परगावचे, त्यामुळे गट्टी जमायला वेळ लागला नाही.

जीप जुनी झालेली. सकाळी हँडल मारल्याशिवाय ती जागी व्हायची नाही, आणि हँडल मारताना मेजर तिच्याशी पलटणीतल्या हिंदीत बोलायचे. "चलो जवान, टैम हो गया." एरवी त्यांच्या तोंडी हिंदी कधी ऐकली नाही. ती बहुतेक जीपपुरतीच राखून ठेवली असावी.

एकदा शिपायाच्या हातून साहेबांच्या टेबलावरची काच फुटली. साहेब म्हणजे आमचे बीडीओ, मनाने बरे पण जमदग्नीचा अवतार. शिपाई कोपऱ्यात उभा राहून घाम पुसत होता. मेजर आत आले, टोपी गुडघ्यावर आपटली आणि साहेबांना म्हणाले, "काच माझ्या हातनं फुटली, साहेब."

"अरे, पण तू तर सकाळपासून माझ्याबरोबर सांगलीत होतास!"

मेजर जरा विचारात पडले. "मग जाताना फुटली आसंल."

साहेबांना हसू आवरेना. शिपाई वाचला.

बहात्तरच्या दुष्काळात गावोगावच्या बायका रस्त्याच्या कामावर खडी फोडत होत्या. एकदा साहेब तपासणीला गेलेले असताना तिथल्या एका बाईला कळा सुरू झाल्या. मेजरांनी कुणाला विचारलं नाही की सांगितलं नाही. बाईला आणि तिच्या सासूला जीपमध्ये घातलं आणि निघून गेले. साहेब दुपारभर बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बसून राहिले. जीप परतली तेव्हा त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला. मेजरांनी तो सगळा ऐकून घेतला आणि खिशातून कागदात बांधलेला गुळाचा खडा पुढे केला. "पोरगी झाली, साहेब. तिच्या सासूनं दिलाय. शिक्षा काय आसंल ती टाका माझ्या अंगावर." साहेबांनी गूळ खाल्ला. शिक्षेचा विषय पुन्हा निघाला नाही.

विचारण्याची त्यांना सवयच नव्हती. मनात आलं की उठायचं आणि करून मोकळं व्हायचं. आम्हाला त्याचं फार कौतुक होतं. गावाच्या शिवेवर जीप दिसली की पोरं धुरळ्यातून तिच्या मागे धावायची आणि म्हाताऱ्या बाया "माझ्या माहेरचा गडी आला" म्हणून भाकरी बांधून द्यायच्या.

मेजरांना लग्नानंतर खूप वर्षांनी एक मुलगी झाली होती. सुली. बाजाराच्या दिवशी मेजरांच्या बायको, आमच्या वहिनी, तिला घेऊन कचेरीपाशी आल्या की ती आधी जीपमध्ये चढून हॉर्न वाजवायची. साहेबांनी कितीदा तरी खिडकीतून डोळे वटारले, पण ती त्यांनाच उलटे डोळे वटारून दाखवायची. लोक मेजरांना म्हणत, "वंशाला दिवा नको का?" मेजर म्हणत, "आता गावात लाईट आली. दिवा कशाला पायजेल?"

वहिनींचं तसं नव्हतं. सुलीच्या पाठीवर आणखी एक व्हावं म्हणून त्यांनी बिरोबाला नवस बोलला होता. मुलगा का मुलगी, त्याचं त्यांना काही नव्हतं. सुलीची अंगडी-टोपडी त्यांनी धुऊन ट्रंकेत ठेवली होती. एकदा मी जेवायला गेलो असताना त्या ती उन्हात घालत होत्या. मी बघतोय असं दिसल्यावर हसून म्हणाल्या, "लागतील की, भावजी. वय कुठं गेलंय माजं!"

मग आणीबाणी आली आणि तिच्यामागोमाग कुटुंबनियोजनाचं टार्गेट आलं. गुरुजी, ग्रामसेवक, कारकून, सगळ्यांनी ऑपरेशनला माणसं आणायची. अशा माणसाला 'केस' म्हणायचं. केस नाही तर पगार नाही. गुरुजी मंडळी शाळा सोडून केस हुडकत फिरू लागली. एकाने आपल्या सासऱ्याला चारधाम यात्रेची गाडी इथून सुटते म्हणून ऑपरेशनच्या कॅम्पात आणून बसवलं, आणि त्या म्हाताऱ्याने कॅम्पातच जावयाला जोड्याने बडवलं. आज हसू येतं. तेव्हा कुणी हसत नव्हतं.

ज्या जीपमागे पोरं धावायची, तीच जीप दिसली की आता गडीमाणसं जोंधळ्यात शिरायची. मेजर गावात पोचेपर्यंत गाव ओस. एका गावात ते रिकाम्या चावडीवर बराच वेळ बसून राहिले. मी शेजारी होतो. म्हणाले, "लढाईत बी आसं न्हवतं बघितलं, भाऊसाहेब. आपलीच माणसं आपल्याला बघून पळत्यात."

शाळेत भरलेल्या कॅम्पाचा शेवटचा दिवस होता. आमच्याकडे एक ग्रामसेविका बाई होत्या. नवरा वारलेला, पदरात दोन मुलं, घरी आंधळी सासू. त्यांना एकही केस मिळाली नव्हती. पगार आधीच थांबला होता. वरून आलेल्या एका अधिकाऱ्याने सगळ्यांसमोर सांगितलं, आज केस आली नाही तर उद्या सस्पेंड. बाई शाळेच्या लिंबाखाली पदर तोंडात धरून बसल्या. आम्ही सगळे भोवती उभे होतो.

मेजर जीपमधून उतरले. टोपी गुडघ्यावर आपटली. "बाई, रडू नगा. टाका माझ्या अंगावर."

सवयीने दोघंतिघं हसले. मला वाटलं, हे कुठून तरी एखादा माणूस शोधून आणणार. पण ते जीपकडे न वळता सरळ शाळेच्या पायऱ्या चढू लागले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"मेजर, तुम्हाला एकच मुलगी आहे. वहिनींना विचारलंत का?"

"तिला काय इचारायचं? ती कवा मला न्हाई म्हणाली न्हाई." त्यांनी माझा हात हळूच सोडवला. "आन् सुली हाय की आमाला. लय झालं."

आत मुलं किती म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी "तीन" असं ठोकून दिलं. ते मी दारातून ऐकलं.

ऑपरेशन केलेल्या प्रत्येकाला एक ब्लँकेट मिळायचं. लाल पट्ट्यांचं. त्या दिवसांत ते ब्लँकेट कुठून येतं हे तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मेजरांना जीप चालवायला मनाई होती, म्हणून मी त्यांना आधार देत घरी नेलं. वहिनी दारात जोंधळे पाखडत होत्या. त्यांनी आधी ब्लँकेटकडे पाहिलं, मग मेजरांकडे.

"हे कुणाचं?"

"आगं, बाईंची नोकरी गेली आसती. पोरं उपाशी मेली आसती, तवा म्हटलं..."

वहिनींनी सूप भिंतीला टेकवून ठेवलं. मला म्हणाल्या, "बसा भावजी, च्या टाकते." आणि आत गेल्या. आतून चूल फुंकल्याचा आवाज आला. मग तोही थांबला. मी खूप वेळ बसलो, मेजरही मान खाली घालून बसले. चहा काही आला नाही. शेवटी मी न सांगताच निघालो.

पुढच्या वर्षी आणीबाणी उठली. टार्गेट गेलं, कॅम्प गेले. गावातली गडीमाणसं पुन्हा जीपला हात करू लागली. त्याच पावसाळ्यात सुलीला ताप भरला.

गावच्या डॉक्टरांनी हात टेकल्यावर मेजरांनी तिला जीपमध्ये घातलं. जीपही त्या दिवशी पहिल्या हँडलला सुरू झाली. कवठे महांकाळवरून मिरजेला ती कधी इतक्या वेगाने धावली नसेल. मिरजेच्या डॉक्टरांनीही काही कमी केलं नाही. जीप होती, रस्ता होता, डॉक्टर होते, सगळं वेळेवर होतं. तरी पोर गेली. परत येताना मी मेजरांच्या शेजारी बसलो होतो आणि मागे वहिनींच्या मांडीवर सुली होती.

पुढे कुणी तरी सुचवलं म्हणून मेजरांनी ऑपरेशन उलटं करून घ्यायचाही प्रयत्न केला. डॉक्टरांनी पुन्हा टाके घातले, पण त्याचा उपयोग झाला नाही. ग्रामसेविका बाई रोज येऊन वहिनींच्या शेजारी बसायच्या. वहिनी त्यांना कधी वाईट बोलल्या नाहीत, पण बाईंनाच ते सोसेना. त्यांनी बदली मागून घेतली.

एका संध्याकाळी मी गेलो तेव्हा वहिनी आपणहून बोलल्या. मेजर उंबऱ्यावर बसले होते, आमच्यापासून दोन हातांच्या अंतरावर.

"भावजी, ह्यांनी साऱ्या जगाचं अंगावर घेतलं. मी कवा आडवी आले न्हाई. पर ह्यातलं निम्मं माजं हुतं. मला एका शब्दानं इचारायचं हुतं." त्या थांबल्या. "मी व्हय बी म्हणाले आसते."

मेजर उठून बाहेर गेले. मलाही तिथं बसवेना.

त्या दिवसापासून मेजर बदलले. कचेरीत कुणी काही काम सांगितलं की ते म्हणत, "घरात इचारून सांगतो." नुसतं म्हणत नसत. खरोखर सायकलवर टांग टाकून घरी जात. वहिनींनी त्यांच्याशी बोलणं जवळजवळ टाकलं होतं. वेळेवर भाकरी वाढायच्या, कपडे धुवायच्या, पण बोलायच्या नाहीत. मेजर दारात उभे राहून विचारत आणि थोडा वेळ थांबून परत येत.

"काय म्हणाल्या?" मी विचारायचो.

"काय बोलली न्हाई."

म्हणजे नाही, असं ते धरून चालत. ते काम मग दुसऱ्या कुणाला तरी करावं लागे. नवे आलेले साहेब त्यांना बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणायचे. आम्ही जुनी माणसं त्यावर हसत नव्हतो.

एकदा मात्र वाडीवरच्या एका मेंढक्याला साप चावला. त्याला जीपमध्ये घातल्यावर मेजरांनी जीप आधी स्वतःच्या दारात नेऊन उभी केली. मेंढक्याचा भाऊ ओरडत होता, मी ओरडत होतो. मेजर दारापुढे उभे. "जाऊ का?"

वहिनी बाहेर आल्या. जीपमधल्या माणसाकडे त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "जावा की. मला काय इचारता आता?"

मेंढक्या वाचला. दवाखान्यापर्यंत मेजर रडत गाडी चालवत होते, आणि आम्ही ते पाहिलं नाही असं दाखवत होतो.

त्यानंतर वर्षभरात वहिनी काविळीने गेल्या. मेजरांनी नोकरी सोडली आणि खंडाळ्याकडे आपल्या गावी जाऊन राहिले. निरोपाचा नारळही त्यांनी घेतला नाही.

पुढे माझं लग्न ठरलं तेव्हा मी पत्रिका घेऊन मुद्दाम त्यांच्या गावी गेलो. दोन खोल्यांचं घर, अंगण स्वच्छ झाडलेलं. दाढी वाढली होती, पण मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. साहेबांची चौकशी केली, जीपची केली. जीप लिलावात गेल्याचं मी सांगितलं. मी पत्रिका त्यांच्या हातात ठेवली.

"मेजर, लग्नाला यायचं. तुमच्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही."

"लय ब्येस झालं, भाऊसाहेब," ते म्हणाले. पत्रिकेवरून त्यांनी हात फिरवला आणि उठले. "जरा घरात इचारून सांगतो."

मी काही बोलायच्या आतच ते आत गेले. घरात कुणी नव्हतं. थंड चूल आणि तिच्याजवळ पालथी घातलेली दोन-चार भांडी मला ओसरीवरून दिसत होती. चुलीसमोर पत्रिका हातात धरून ते बराच वेळ उभे राहिले. मग बाहेर येऊन माझ्या शेजारी बसले.

"काय बोलली न्हाई," ते म्हणाले.

लग्नाला ते आले नाहीत.