बाहेर बसलेली चॅम्पियन

घरात खेळाडू असला की ट्रॉफ्या माळ्यावर जातात आणि किस्से सोफ्यावर येऊन बसतात. नेरूळच्या आमच्या घरी कोणी चहाला आलं की माझी बायको सुमन काहीतरी कारण काढून आत सटकते. तिला ठाऊक असतं, मी आता सुरू होणार.

*

सुमन टेबल टेनिसची नॅशनल चॅम्पियन होती तेव्हाची गोष्ट. मोठी मॅच जवळ आली की तिचं बोलणं बंद. तांदूळ निवडायला बसायची. निवडलेलेच पुन्हा निवडायची. मी घरात चपलासुद्धा हळू काढायचो. एकदा शेजारच्या कुलकर्णीकाकूंनी दारातूनच तांदळाच्या पराती पाहिल्या आणि मला हळूच विचारलं, "घरात काही कार्य आहे का हो?"

"नाही," मी म्हटलं, "सेमीफायनल आहे."

*

राज्य स्पर्धेतली आपली शेवटची फायनल ती एका कॉलेजातल्या मुलीकडून हरली. वैशाली तिचं नाव, आमच्याच बाजूच्या कोळीवाड्यातली. मुंबईहून परतताना बसमध्ये मी मनात समजुतीची वाक्यं जुळवत होतो. वाशीच्या पुलापर्यंत सुमन खिडकीबाहेरच बघत होती. मला वाटलं, आता रडणार.

"पोरीचा बॅकहँड कच्चा आहे," ती म्हणाली. "कोणीतरी शिकवायला पाहिजे."

पुढच्याच महिन्यात वैशाली आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बॅकहँड शिकत होती.

*

तो हॉल लग्नालाही द्यायचे. एका रविवारी आम्ही पोचलो तर केटररने सांबाराचं उकळतं पातेलं थेट टेबल टेनिसच्या टेबलावर ठेवलेलं. पातेलं उचललं, तर खाली पांढरा गोल उठलेला. दुसरं टेबल मिळायचं कुठून? स्पर्धा तर तोंडावर आलेली. सोसायटीचे सेक्रेटरी घाबरून म्हणाले, "वहिनी, पॉलिश करून देतो."

सुमनने त्या गोलावरून बोट फिरवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "वैशाली, आजपासून सर्व्हिस ह्या गोलात."

*

आमच्याकडे फोन नव्हता, कुलकर्णीकाकूंकडे होता. एका दुपारी सुमन त्यांच्याकडे फोन घ्यायला गेली आणि पांढरीफटक होऊन परतली. मला वाटलं, गावाकडे काही बरंवाईट झालं.

"मला नॅशनल कोच केलंय."

"मग पेढे आणू की डॉक्टर?"

ती खुर्चीत बसली. "अहो, आतापर्यंत टेन्शन आलं तरी हातात बॅट असायची."

*

वैशालीची टीममध्ये निवड झाली. स्पर्धा परदेशात, विमानाने जायचं. सुमन तिच्या आईला भेटायला कोळीवाड्यात गेली, मीही बरोबर होतो. आई बाजारात मासे विकायची. तिने आम्हाला बसायला दिलं, पण चेहऱ्यावर काळजी.

"दर्यान गेली तं मना भ्या नाय वाटत," ती म्हणाली. "पन इमान मधीच बंद परलं तं?"

"मी आहे ना बरोबर," सुमन म्हणाली.

"तू काय उतरून ढकलनार हाईस?"

स्पर्धेहून परत आल्यावर सुमनने मला सांगितलं, अख्ख्या प्रवासात तिचा डोळा लागला नाही. ती इंजिनाचा आवाज ऐकत बसली होती.

*

त्या स्पर्धेतली एक गोष्ट मात्र मला वैशालीने सांगितली, आमच्याकडे पोहे खाताना. टीमचा निकाल तिच्या मॅचवर येऊन ठेपला होता. गेम बरोबरीत. शेवटच्या गेमच्या आधी ती सुमनकडे आली.

"काका, हात इतके कापत होते ना, बॅट धरवेना. म्हटलं, मॅडम, काहीतरी बोला. त्या काहीच बोलेनात. माझे दोन्ही हात फक्त हातात घेतले. आणि काय सांगू, त्यांचे हात माझ्यापेक्षा जास्त कापत होते."

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, मॅडम, तुमी बसा, पानी प्या. मी बघते."

आणि तिने बघितलं. मॅच काढली.

वैशाली गेल्यावर मी सुमनला विचारलं, "खरंच कापत होते हात? की मुद्दाम?"

सुमनने पोह्यांच्या बशा उचलल्या.

"जिंकली ना ती?" ती म्हणाली.