हुकूम यायच्या आधीचा सत्कार

आमच्या बालाघाटच्या मराठी मंडळात सत्कार आधी होतो आणि काम नंतर. त्याला कारण आहे. मंडळातली बहुतेक घरं दोन-तीन पिढ्या सरकारी नोकरीतली. बढतीची फाईल भोपाळला गेली की लगेच शाल-श्रीफळ उरकून घ्यायचं, कारण हुकूम हातात पडला की माणूस सामान बांधून निघून जातो. कधी फाईल नामंजूर होऊन परत येते. शाल कोणी परत मागत नाही.

माझ्या थोरल्या भावाचा सत्कार याच रीतीने झाला. फक्त त्याची फाईल मेंदूतल्या गाठीची होती.

दादा सिंचन खात्यातून निवृत्त झालेला. आधी तो दारांच्या उजवीकडच्या चौकटींना धडकू लागला. आम्ही चष्मा बदलून आणला. मग समोरच्या चहाचं नाव त्याला आठवेना, तेव्हा नागपूर गाठलं. गाठ काढली, किरणांचे शेक दिले, गोळ्या झाल्या. राजेगावला राज्याची हद्द ओलांडून गोंदियामार्गे इतक्या खेपा झाल्या की खिडकीबाहेर बघायचंही आम्ही सोडून दिलं. एवढं करून गाठ परत आली.

नागपूरचे डॉक्टर आमच्याइतकेच थकलेले दिसत. ते म्हणाले, एक नवा उपचार अजून तपासला जातोय. शरीरातल्या धडधाकट पेशीला आपली वेळ झाली की मरायचं कळतं. ती मुकाट्याने आवरून घेते. गाठीतल्या पेशी ते विसरलेल्या असतात. म्हणून रोग करायची ताकद काढून घेतलेला एक विषाणू सुईने थेट गाठीत सोडायचा. त्याच्यासोबत एक जनुक जातं आणि ते पेशीला स्वतःहून मरायला लावतं. आजूबाजूचा मेंदू शक्यतो वाचतो. हमी काही नाही, आणि ते दादाला घेतीलच असंही नाही. स्कॅन आणि गाठीचा नमुना मुंबईला पाठवून बघू.

परतीच्या वाटेवर दादाने मला सगळं परत समजावून सांगायला लावलं.

"म्हणजे त्यायले रिटायरमेंटचा हुकूम पाठवाचा," तो म्हणाला.

"तसंच काहीसं."

"अन् ते ऐकतीन काहून? आमच्या हापिसात तं कोणी ऐकत नोयता."

पुढच्या सीटवर वहिनी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. तिने रामपायलीच्या रामाला नवस बोलला होता, हे बरे झाले की जोडीने दर्शनाला येईन. तिच्या लेखी मुंबईला जाणारी स्कॅन आणि नमुन्याची ती पाकिटं म्हणजे नवसाचं उत्तर होतं. घरी आल्यावर तिने शेजारी सांगितलं की यांचे कागद मुंबईला गेले. आमच्याकडे कागद वर गेले म्हणजे काय, हे मी आधी सांगितलंच आहे. दोन दिवसांनी मंडळाचे अध्यक्ष दारात हजर झाले.

"मंजूर झालं नाही अजून," मी म्हणालो.

"होते न भाऊ. बालाघाटचा पयला माणूस हाय. कार्यक्रम तं झालाच पायजे."

मी नाही म्हणणार होतो. वहिनी आतून चहा घेऊन आली. तिचा चेहरा कितीतरी महिन्यांनी मोकळा दिसत होता. दादाने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ठेवा कार्यक्रम."

कार्यक्रम रीतसर झाला. पंख्याखाली समई टिकेना, म्हणून पंखा बंद केला आणि सगळे घामाघूम झाले. दादाला फेटा बांधायचा होता, पण शस्त्रक्रियेची खूण दुखेल म्हणून तो त्याच्या मांडीवर ठेवला. अध्यक्षांनी विज्ञानाबद्दल भाषण केलं. मेंदूत जीन टाकून आपले दादासाहेब आजाराला पुरून उरणार, असं सांगून ते सिंचन खात्याकडे वळले, तिथून स्वतःच्या कारकिर्दीकडे आणि तिथेच राहिले. हे गृहस्थ मला आठवतं तेव्हापासून अध्यक्ष आहेत. वेळ झाल्याचं न कळणाऱ्या पेशी काय असतात, हे समजायला मला नागपूरला जायची गरज नव्हती.

शेवटी दादाला बोलायला सांगितलं. तो उठला. शब्द शोधण्यात बराच वेळ गेला. लोक त्याला गहिवर समजले.

"बसा," तो म्हणाला. आणि स्वतःच बसला. टाळ्या मात्र मनापासून पडल्या.

त्याच आठवड्यात डॉक्टरांचा फोन आला. गाठ मेंदूच्या दुसऱ्या बाजूलाही उतरली होती. एकाच जागी असलेली, सुई पोचेल अशी गाठच मुंबईवाले घेतात. डॉक्टर हळू बोलत होते. दुसरा काही उपाय, असं मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, आता घरीच ठेवा, त्रास होणार नाही एवढं बघू.

मी दादाला सरळ सांगितलं. त्याला फसवणं त्या अवस्थेतही जमलं नसतं. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. मंडळात खोटी बातमी नको, म्हणून मी तिथूनच अध्यक्षांना फोन लावला.

"पेपरात तं बातमी देऊन राह्यलो न भाऊ आपण. तुमी दुसऱ्या जागी अर्ज करा."

मी फोन ठेवला. वहिनी कपाटातून शाल काढून घडी घालत होती.

"भाऊजी, हे वापस करून या. मले घरात नोको."

"राहू दे," दादा म्हणाला. "सकायी थंडी वाजते."

मग तो बराच वेळ शब्द जुळवत बसला. आम्ही वाट पाहिली. त्या दिवसांत आम्हाला तेवढंच येत होतं.

"रामपायलीले उद्या जाऊ," तो म्हणाला.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "हे बरे झाल्यावर म्हणून बोलली होती मी. असा आधी नाई फेडत नवस."

"अध्यक्षाले विचार. आपल्यात आधीच करतात सारं."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. पदराने डोळे पुसून तिने विचारलं, "गाडीत बसवन का तुमच्यानं?"

"हौ."

तिने मला गाडी सकाळचीच सांगायला लावली. ऊन चढलं की यांना सोसत नाही, म्हणाली. मग घडी घातलेली शाल उलगडली आणि दादाच्या उशाशी ठेवली.