व्हर्डेलची खुर्ची

व्हर्डेल प्रुइटने आयुष्यभर शाळेची बस चालवली. त्यामुळे आवाज असा, की डोक्यावरच्या फ्रीवेवर ट्रक धडधडत असले तरी पुलाखाली पार टोकाला ऐकू जायचा. नवरा गेला, घरभाडं दुप्पट झालं आणि ती पुलाखालच्या आम्हा तंबूवाल्यांत आली. आल्या आल्या सगळ्यांवर हुकूम सोडायला लागली. मला ती अजिबात आवडली नव्हती.

पण खुर्चीची रीत तिनेच पाडली. पालिकेचा नियम असा, की तंबू हटवायला ट्रक आले तेव्हा तंबूत किंवा दाराशी माणूस असेल तर सामान हलवायला वेळ मिळतो, नसेल तर तो तंबू कचरा. मग माणसाने कामाला, दवाखान्याला जायचं कसं? व्हर्डेल म्हणाली, "जाणाऱ्याच्या दाराशी शेजाऱ्याने खुर्ची टाकून बसायचं. त्यात काय एवढं?"

निवडणूक तोंडावर आली की पुढाऱ्यांना आमची घाण दिसायला लागते. यंदा नोटीस लावली शुक्रवारची आणि ट्रक आणले गुरुवारी. व्हर्डेलचा शेजारी ओझेल डायलिसिसला गेला होता. त्याची औषधं, कागद, सगळं तंबूत. त्याच्या दाराशी व्हर्डेल बसली होती. तिचा स्वतःचा निळा तंबू शेजारीच, रिकामा.

"एका माणसाला एकच तंबू," अधिकारी म्हणाला. "बाई, तुमचा कोणता?"

माझा पाय प्लास्टरमध्ये. मी माझ्या दारातून ओरडलो, "व्हर्डेल, तुझा दाखव! ओझेलचं बघू नंतर."

तिने ओझेलच्या तंबूवर थाप मारली. "हा."

"मग तो निळा कुणाचा?"

"आहे एक बाई. बाहेर गेलीय. फार तोंडाळ आहे, तुझं नाव सांगून ठेव, आली की तुला शोधत येईल."

ट्रकवरच्या यंत्राने निळा तंबू उचलला. गादी, भांडी, नवऱ्याचा कोट, सगळ्यासकट. व्हर्डेल उठली नाही. उठली असती तर ओझेलचा तंबू रिकामा ठरला असता. ती नुसती त्या अधिकाऱ्याकडे बघत राहिली, शेवटी त्यानेच मान खाली घातली. मला तिचा भयंकर राग आला होता आणि डोळ्यांत पाणीही.

मग तिने ओझेलचा तंबू रस्त्यापलीकडे हलवला. तो दुपारी हाताला पट्टी बांधून आला. आपला तंबू आहे आणि व्हर्डेलचा निळा कुठेच नाही, हे बघून त्याचा चेहरा उतरला.

"रडलास तर बघ," व्हर्डेल म्हणाली. "आज मी इथेच झोपणार, भिंतीकडची बाजू माझी. आणि उद्या मी पालिकेच्या सभेत बोलायला जातेय. तेव्हा दाराशी तू बसायचंस."